नोन्नांची ठेव

आमच्या घरमालकीणबाईंना जर्मनीत येऊन पन्नासेक वर्षं झाली होती, पण हिवाळा मात्र त्या अजून आपल्या गावचाच वापरत. बॉबलिंगेनमधली माणसं गाडीचे टायर बदलले की हिवाळा आला असं मानतात. बाईंचा हिवाळा आठ डिसेंबरला, मेरीमातेच्या सणाच्या पहाटे, कढईत सुरू व्हायचा. भिजवून फुगवलेल्या मैद्याचे गोळे त्या तेलात सोडायच्या. पेत्तोले म्हणायच्या त्यांना. आपल्या गुलगुल्यांची बिनगुळाची बहीण समजा. वास जिन्याने आमच्या मजल्यावर चढायचा, मग दारावर थाप पडायची, आणि दार उघडलं की कागदात गुंडाळलेले गरम गोळे हातात. "थंड होऊ देऊ नकोस," एवढंच बोलून त्या खाली जायच्या. सकाळचे साडेसहा वाजलेत, समोरची माणसं झोपेत आहेत, असल्या गोष्टींचं त्यांना काही नव्हतं.

सगळे त्यांना नोन्ना म्हणत. नोन्ना म्हणजे आजी. गल्लीतले तुर्की भाजीवाले, पोस्टमन, डॉक्टरसुद्धा. मीही म्हणू लागले. त्यांचं गाव इटलीच्या बुटाच्या टाचेवर, समुद्राला चिकटलेलं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्या विशीच्याही नव्हत्या. नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता. त्याने आयुष्यभर राबून हे तीनमजली घर घेतलं आणि आम्ही यायच्या आधीच तो गेला. तळमजल्यावर नोन्ना, पहिल्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा आणि मुलगी, वर एक निवृत्त श्वाबी, म्हणजे मूळचं याच मुलखातलं, जोडपं. एकुलता एक मुलगा दूर उत्तरेत, जर्मन बायको करून तिकडचाच झालेला. त्याची मुलगी लाऊरा ड्रेस्डेनला शिकत होती.

देव नोन्नांचा इटालियन होता, पण झाडू पक्का श्वाबी. इथे जिना झाडायची पाळी असते, केअरवोख म्हणतात तिला. आमच्या पाळीच्या शनिवारी नोन्ना पायरीवर बोट फिरवून जायच्या आणि बोटाकडे न बघता माझ्याकडे बघायच्या. मी घरी सासूला भ्यायले नाही तेवढी त्या बोटाला भ्यायचे.

जर्मन नाताळाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. बाजारातल्या गरम मसालेदार वाइनला त्या "बिघडलेली वाइन लपवायची युक्ती" म्हणत. वरच्या मजल्यावरची मंडळी चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर खातात, इथली तशी पद्धतच आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत पचलं नव्हतं. "देव जन्माला येतोय आणि हे बटाटे खातायत," त्या दरवर्षी म्हणायच्या, दरवर्षी तितक्याच दुःखाने. आणखी एक वाक्य होतं त्यांचं: "जर्मनीत देव वेळेवर येतो. आमच्याकडे उशिरा येतो, पण जेवून जातो."

उशिरा येण्याची गोष्टही होती. त्यांच्या गावात बाळ येशूची मूर्ती चोवीसला होडीतून बंदरात आणायचे. धक्क्यावर पाद्री, बँड, थंडीने काकडलेला सगळा गाव. एका वर्षी समुद्र इतका खवळला की होडी पलीकडच्या गावीच अडकली आणि बाळ आलं सव्वीसला. तोवर गावात कुणी गोडाला हात लावला नाही. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली. कधी होडीवर त्यांचे काका असत, कधी वडील, एकदा तर स्वतः नोन्ना होत्या. मी विचारलं, "नक्की कोण होतं?" तर म्हणाल्या, "समुद्र नक्की होता."

चोवीसला त्यांचा उपास असे. म्हणजे मांस वर्ज्य. मग त्याऐवजी काय, तर खारवलेला कॉड, शिंपल्या, माकूळ, तळलेली फुलकोबी आणि वाम. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, नोन्ना चौपटीपर्यंत जायच्या. वाम जिवंतच हवी. ती त्या दोन दिवस तळघरातल्या कपडे धुवायच्या टबात ठेवायच्या. वरचे श्वाबी आजोबा एकदा पडदे धुवायला खाली गेले आणि पडदे तिथेच टाकून परत आले. नंतर त्यांनी टाइप केलेली सूचना लावली की सामायिक जागेत प्राणी ठेवू नयेत. नोन्नांनी ती वाचली, आणि तिच्याखाली नाताळच्या शुभेच्छांचं एक चित्र चिकटवलं.

त्यांच्याकडे सहा जानेवारीला झाडूवर बसून येणारी म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते, वाईट मुलांना कोळसा. आमच्या दाराला दरवर्षी दोन मोजे लटकलेले असत. मुलीच्या मोज्यात चॉकलेटं, आणि नवऱ्याच्या मोज्यात साखरेचा काळा कोळसा, कारण तो गाडी तिरकी लावतो.

पण या सगळ्या गमतीजमती झाल्या. नोन्नांची खरी ओळख आम्हाला मिरच्यांनी करून दिली.

मुलगी तेव्हा दोनेक वर्षांची होती. कुणाच्या तरी घरून वाढदिवस करून आलो आणि तिने जे रडायला सुरुवात केली ती थांबेचना. ताप नाही, पोट ठीक. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते, कारणाशिवाय काही बिघडतं यावर माझा विश्वास नाही. दृष्ट लागण्यावर विश्वास आहे का? सकाळी विचाराल तर नाही. संध्याकाळी मुलगी तासभर रडत असेल तर आहे. मी मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि गॅस नाही म्हणून तव्यात टाकल्या. पुढच्या मिनिटाला छतावरचं धुराचं यंत्र किंचाळू लागलं.

"अगं, राऊखमेल्डर! खिडकी उघड आधी," नवरा खोकत म्हणाला. "वरचे फोन करतील आता फायर ब्रिगेडला. जा, जा, मी हिला बघतो. तू तवा बाहेर घे."

आल्या त्या नोन्ना. एप्रनला हात पुसत स्वयंपाकघरात शिरल्या, तव्यात डोकावल्या, रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी जर्मनमध्ये माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने गप्प केलं आणि एकच शब्द विचारला, "मालोक्क्यो?" त्यांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, मग मुलीकडे. मला कळलं. मी मान डोलावली. परक्या देशात इतकं लवकर मला कुणी समजून घेतलेलं नव्हतं.

त्यांनी एक बशी मागितली, तीत पाणी ओतलं, तेलाचे थेंब सोडले. थेंब गोल राहिले नाहीत, पसरून एकमेकांत मिसळले. "बघ, लागलीय," त्या म्हणाल्या. मग मुलीच्या कपाळावर अंगठ्याने फुल्या काढत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मुलगी झोपली. नवरा म्हणाला, रडून दमली होती. असेल.

तेव्हापासून मला त्यांच्या धंद्याचा पत्ता लागला. धंदा म्हणायचं, पैसे त्या घेत नसत. डोकं धरलेल्या इटालियन बायका, तुर्की भाजीवाल्याची सून, आणि मागच्या दाराने, नवऱ्याला नकळत, वरच्या श्वाबी आजीसुद्धा. नोन्ना कुणाला काही विचारत नसत. बशी, पाणी, तेल, आणि ते पुटपुटणं.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा या दोघी एका दुपारी आमच्या टेबलाशी बसल्या. एकीकडे मीठ-मोहऱ्या, दुसरीकडे तेलाची बाटली. दोघी आपापल्या भाषेत एकमेकींना पद्धत समजावत होत्या.

"अहो आई, त्यांना मराठी कळत नाही," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस. आम्हाला कळतंय," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे तोडगा तेलाचा आहे, आपल्याकडे मिठाचा. पण त्यांचे शब्द कुणाला सांगत नाहीत म्हणे. ते बरोबर आहे."

ते शब्द. सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबत होतं. नोन्नांना ते त्यांच्या आईने दिले होते, गावातल्या शेवटच्या नाताळात, लग्नाआधी. नियम कडक होते. द्यायचे ते फक्त नाताळच्या आदल्या दिवशी, हायलिगआबेंडला. एरवी दिले तर ते शब्द नुसते शब्द राहतात. तोंडाने कानात द्यायचे, लिहायचे नाहीत. घरातल्या बाईला द्यायचे. आणि दिले की आपल्याकडून गेले, मग आपण वापरायचे नाहीत. नोन्नांना मुलगी नव्हती. सून रुग्णालयात काम करणारी, ती हसून सोडून द्यायची. राहिली लाऊरा.

आणि लाऊरा चोवीसला कधी यायची नाही. चोवीस आणि पंचवीस तिच्या आईच्या माहेरी, हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. नोन्नांच्या वाट्याला सव्वीस. त्या दिवशी तळमजल्यावर भरपूर जेवण असायचं, आम्हीही असायचो, आणि नोन्नांचा चेहरा मात्र बाळ उशिरा आल्यासारखा.

लाऊरा गोड पोरगी होती. उंच, आजीसारख्या जाड भुवया, बोलणं सगळं जर्मन. इटालियन शाळेतल्या तासाला शिकलेली, आणि नोन्नांच्या गावची बोली अर्धवट कळणारी. एका सव्वीसला तिने जेवता जेवता म्हटलं, "नोन्ना, मला आजच सांगून टाक ना. मी फोनवर रेकॉर्ड करते. हरवणार नाही."

"आज तारीख कोणती?"

"काय फरक पडतो? बरं, अर्थ तरी सांग त्यांचा."

"अर्थ मला माहीत नाही," नोन्ना म्हणाल्या. "त्यांना त्यांचं काम माहीत आहे, तेवढं बास."

लाऊरा हसली. नोन्ना हसल्या नाहीत. त्या उठून ताटं गोळा करू लागल्या, अजून आमचं जेवण चाललेलं असताना.

मग एका शरद ऋतूत मी त्यांच्याकडे डोकेदुखी घेऊन गेले होते. बशी झाली, तेल झालं, अंगठा कपाळावर आला, आणि पुटपुटणं मध्येच थांबलं. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी अडखळल्या. तिसऱ्यांदा पार पडलं. अंगठा काढून घेतला आणि तो एप्रनला पुसत राहिल्या. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. नंतर पेत्तोल्यांत दोनदा मीठ पडलं. केअरवोखचं बोट आमच्या पाळीचा शनिवार विसरू लागलं. मला त्या बोटाची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी लाऊराला फोन केला. मी सहसा दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत नाही. म्हटलं, "या वर्षी चोवीसला ये." ती म्हणाली, "इतकं आहे?" मी म्हटलं, "हो." तिने आईला दुखवून चोवीसचं तिकीट काढलं.

त्या चोवीसला दुपारी मी चिवड्याचा डबा द्यायला खाली गेले. टेबल मांडलेलं, वाम कापून मसाल्यात, नोन्ना काळ्या रंगाच्या चांगल्या पोशाखात. फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावून त्यांना ऐकू येत नसे.

"नोन्ना, गाडी पुढे जात नाहीये," लाऊरा घाईघाईने म्हणाली. "वाऱ्याने रुळांवर झाडं पडलीत. बसही नाही, काही नाही. मी उद्या सकाळी पोचते."

"उद्या नाही चालणार."

"मग आत्ता सांग. मी कोपऱ्यात जाते, कुणी ऐकणार नाही. रेकॉर्ड करणार नाही, खरंच."

नोन्ना फोनकडे बघत राहिल्या. त्यांना ते पटावं असं मला फार वाटत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "फोनला तोंड असतं, कान नसतो. तू जेवून घे काहीतरी," आणि फोन ठेवला.

बाहेर अंधारून येत होतं. त्या बराच वेळ वामीचे तुकडे इकडून तिकडे लावत होत्या. मग मला म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं. "बस इथे. तुला देते."

मला वाटलं, वाम देतायत. मग कळलं. "नोन्ना, मी तुमच्या घरातली नाही."

"घरातच राहतेस."

"मी तुमच्या धर्मातली नाही."

"ते तेलाला विचार."

"मला तुमच्या गावची भाषा येत नाही. एक शब्दही नाही."

"म्हणूनच तर," नोन्ना म्हणाल्या. "गल्लीतल्या माझ्या मैत्रिणींना दिलं तर त्या शब्द सुधारत बसतील. शाळेत गेल्यात ना. लाऊरा अर्थ शोधेल आणि मग अर्थच लक्षात ठेवेल. तू रोज संध्याकाळी वर मुलीला घेऊन जे म्हणतेस, ते मला खाली ऐकू येतं. त्यातलं तुला किती कळतं?"

"अर्धं," मी खरं ते सांगितलं.

"आणि उरलेलं अर्धं कधी बदललंस?"

कधीच नव्हतं बदललं. माझ्या आजोबांनी ती स्तोत्रं माझ्याकडून पाठ करून घेतली तेव्हा मी पाच वर्षांची असेन. अर्थ विचारला की ते म्हणायचे, आधी जीभ वळू दे, अर्थ मागून येईल. काहींचा अजून यायचाय. शाळेत, कॉलेजात, नोकरीत घोकंपट्टीला सगळ्यांनी नावं ठेवलेली मी ऐकली, मीही ठेवली. तिची कुणाला गरज पडेल, आणि तीही बॉबलिंगेनमध्ये, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"हे तुझं नाही," त्यांनी बजावलं. "वापरायचं नाही. सांभाळायचं. पुढच्या चोवीसला लाऊराला द्यायचं."

"तुमच्या गावी तर मध्यरात्री देतात ना?"

"इथे चार वाजताच रात्र होते. देवाकडे घड्याळ थोडंच आहे."

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. त्यांनी म्हणायचं, मी म्हणायचं, त्यांनी पुन्हा म्हणायचं. आमच्याकडे याला संथा म्हणतात. एक ओळ बसली की पुढची. चुकलं की त्या माझा खांदा चिमटीत धरायच्या. चर्चच्या घंटा वाजून गेल्या, वरून सॉसेज उकडल्याचा वास आला, आणि अखेर मी सगळं एका दमात म्हटलं. नोन्नांनी डोळे मिटून ऐकलं. मग उठून बशी धुतली, पुसली आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"आता माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "जा, नवऱ्याला आणि पोरीला बोलाव. मासे वाया जायला नकोत."

लाऊरा दुसऱ्या दिवशी पोचली. नोन्नांनी तिला जवळ घेतलं आणि बोट वर करून सांगितलं, "तुझं वर आहे." आधी ती हसली. मग जिन्यात मला गाठून म्हणाली, "ते आमच्या घरातलं आहे."

"माहीत आहे. म्हणून तर जपून ठेवलंय."

"मग द्या ना आत्ता."

"नाही देता येणार. पुढच्या चोवीसला."

"तुम्ही इंजिनिअर आहात," ती जर्मनमध्ये म्हणाली, जणू मी काही गुन्हा केलाय. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

ते वर्ष मी एखादं भरलेलं भांडं डोक्यावर घेऊन चालावं तसं काढलं. ट्रेनमध्ये मनात म्हणायचे, भांडी घासताना म्हणायचे, मीटिंगमध्ये कुणी रटाळ बोलत असलं की म्हणायचे. नवरा म्हणाला, "हे बघ, सरळ लिहून ठेव. पासवर्ड ठेवतो त्यात टाक. कोण बघायला येतंय?" खरं होतं. रोज बॅकअप घेणारी बाई मी. पण नाही लिहिलं. मोह आणखीही एक झाला, तोही सांगते. मुलगी आता मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं देते. हिच्याही कानात एक दिवस हे घालावं, निदान माझ्या कशाला तरी ती कान देईल, असं वाटायचं. पण ते माझं नव्हतं.

तळमजल्यावरचं दुकान बंद झालं. कुणी डोकं धरून आलं की नोन्ना सांगत, "संपलं." पण हळूहळू संपलंय हेही त्यांना आठवेना. ऑक्टोबरात भाजीवाल्याची सून आपल्या पोराला घेऊन आली, मी तिथेच होते. नोन्नांनी खुर्ची ओढली, वरच्या फळीवरची बशी काढली, पाणी ओतलं, तेल सोडलं. अंगठा पोराच्या कपाळावर टेकला आणि ओठ नुसते हलत राहिले. त्यातून काही येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी ते मनात कितीदा म्हटले असतील त्या क्षणी. पण तो ऑक्टोबर होता, द्यायचा दिवस नव्हता, आणि वापरायची मला मुभा नव्हती. नोन्नांनीच घालून दिलेला नियम मी नोन्नांसमोर मोडू शकले नाही, आणि मला त्यांच्याकडे बघवलंही नाही. शेवटी त्यांनी पोराच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "काही नाही झालेलं याला."

नोव्हेंबरात त्या पडल्या आणि घरी परतल्या नाहीत. मुलाने त्यांना गावाबाहेरच्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात, ठेवलं. स्वच्छ जागा, प्रेमळ माणसं, खिडकीतून पानं झडलेली झाडं. मला त्या कधी ओळखत, कधी नाही. लाऊरा दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा नोन्नांनी तिला नर्स समजून औषध झालं म्हणून सांगितलं. जर्मनमध्ये. लाऊरा बाहेर माझ्या गाडीत बसून रडली आणि म्हणाली, "आता मी ते घेऊन काय करू?" मी म्हटलं, "घे तर खरं."

ती तेवीसलाच आली. नोन्नांच्या रिकाम्या घरात झोपली. चोवीसला आम्ही दोघी फ्लेगेहाइमला गेलो. हॉलमध्ये झाड सजवलेलं, कुणीतरी पियानो वाजवत होतं. नोन्ना खोलीत खुर्चीत होत्या, मांडीवर शाल. आम्ही खिडकीशी गेलो आणि मी लाऊराच्या कानाशी वाकले.

मी सुरू केलं. ती मागून म्हणत गेली. तिसऱ्या ओळीला ती थांबली. "हे असं नसणार. इटालियनमध्ये हा शब्द..."

"असेल," मी म्हटलं. "पण मला असाच दिलाय. असाच घे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तसाच घेतला. पुढे एकदा ती रडू लागली, कारण ते तिला ओळखीचं वाटलं. लहानपणी सुट्टीत आली की नोन्ना तिच्या कपाळावर हेच पुटपुटत, म्हणाली, फक्त तेव्हा तिला ते गाणं वाटायचं. पुरं पाठ होईपर्यंत मी तिला उठू दिलं नाही. तिचा खांदा मी चिमटीत धरला होता हे नंतर माझ्या लक्षात आलं. शेवटी तिने एकटीने सगळं म्हटलं. मी म्हटलं, "आता माझ्याकडे नाही," आणि मला हलकं वाटलं, थोडं पोरकंही.

लाऊराने चहाच्या बशीत पाणी घेतलं. तेल ती घरून छोट्या बाटलीत घेऊन आली होती. आजीसमोर गुडघ्यांवर बसली, थेंब सोडले, आणि अंगठा नोन्नांच्या कपाळावर टेकवून म्हणू लागली. पहिल्याने नीट पुटपुटता येईना, त्यामुळे आवाज जरा मोठा होता. नोन्ना खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

लाऊरा संपवून थांबली. नोन्ना तिच्याकडे बघत होत्या, नर्सकडे बघतात तशा नाही. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. जर्मन नव्हतं ते, शाळेतलं इटालियनही नव्हतं.

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

लाऊरा आजीवरची नजर न काढता सांगू लागली. "विचारते आहे, तू आमच्या गावची दिसतेस. कुणाची गं तू?"

लाऊराने डोळे पुसले आणि उत्तर दिलं. मला त्यातला एकच शब्द कळला. ते नोन्नांचं स्वतःचं नाव होतं.

नोन्नांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. त्या बराच वेळ बोलल्या, हात हलवून, आणि लाऊरा हसत, रडत मला सांगत गेली: "म्हणते, तिला चांगली ओळखते मी. फार हट्टी आहे. पण बाई सच्ची. तिच्या घरची आहेस तर अशी गुडघ्यांवर का, बस, माझ्या शेजारी बस."

लाऊरा उठली आणि नोन्नांना चिकटून खुर्चीच्या हातावर बसली.